तिखाडीच्या तेलातलं अल्कोहोल



गेल्या हंगामात आमच्याकडच्या एका गटानं तिखाडीच्या तेलाचा नमुना तपासायला पाठवला होता. काही दिवसांनी कागद आला. त्यावर रंग, वास, घनता अशा ओळी होत्या आणि मधेच एक ओळ होती, ‘एकूण अल्कोहोल’. पुढचा आकडा ऐंशी टक्क्यांच्या वरचा होता. बैठकीत तो कागद वाचला आणि सगळ्या गप्प झाल्या. ज्या बायांनी आडव्या बाटलीसाठी घरोघर फिरून मतं मागितली, त्यांच्याच डब्यात ऐंशी टक्के अल्कोहोल! शेवटी एक मावशी बोलल्या, “काय वं ताई, आपण तेल काढून रायलो का दारू?”

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्या एका ओळीवर तेलाचा भाव ठरतो. ती ओळ कळली तर गवत कधी कापायचं, तेल कशात ठेवायचं आणि व्यापाऱ्याशी काय बोलायचं, हे सगळं कळतं. आमचं रसायनशास्त्र दहावीला सुटलं, पुढे आम्ही बी.ए. केलं. म्हणून दहावीचं विज्ञानाचं पुस्तक परत काढलं, त्यातला कार्बनी संयुगांचा धडा वाचला, अडलं तिथे जाणत्यांना विचारलं. त्यातून जे हाती आलं ते आज सांगतो.

आधी दारूचं मिटवू. अल्कोहोल हे एका पदार्थाचं नाव नाही, ते कुळाचं नाव आहे, आडनावासारखं. एका आडनावाची पन्नास घरं गावात असतात. कुणी शेतकरी, कुणी मास्तर, एखादा उनाड. तसंच इथे. दारूत असतं ते इथाइल अल्कोहोल. विषारी दारूनं माणसं आंधळी होतात, मरतात, ते बहुतेक वेळा मिथाइल अल्कोहोलनं. भेगाळलेल्या टाचांना लावतो ते ग्लिसरीन, तेही अल्कोहोलच. डोकं दुखलं की कपाळाला चोळतो त्या बाममधला थंडगार मेंथॉल, तोही याच कुळातला. आणि तिखाडीच्या तेलात असतो तो जिरॅनिऑल. त्याची नशा चढत नाही, तो प्यायचाही नसतो.

कुळ ओळखायची खूण म्हणजे शेपटी. रेणूच्या एखाद्या कार्बनला ऑक्सिजन आणि त्याला हायड्रोजन अशी जोडी लटकलेली असली की तो अल्कोहोल. शास्त्रातल्या नावाच्या शेवटी ‘ऑल’ येतं ते त्याच खुणेसाठी. मेंथॉल, जिरॅनिऑल, कोलेस्टेरॉलसुद्धा. पेट्रोलचा मात्र या कुळाशी संबंध नाही, त्याच्या नावाचं शेपूट नुसतं सारखं ऐकू येतं.

आता कागदावर नसलेला, पण खरा महत्त्वाचा शब्द. जिरॅनिऑल हा ‘असंपृक्त’ अल्कोहोल आहे. शब्द अवघड वाटतो, गोष्ट फुगडीइतकी सोपी आहे.

कार्बनच्या अणूला चार हात असतात असं समजा. हायड्रोजनला एकच हात, ऑक्सिजनला दोन. कुणाचाच हात मोकळा राहायला नको, हा नियम. दोन कार्बन शेजारी उभे राहिले आणि एकमेकींचा एक-एक हात धरला, तर प्रत्येकीचे तीन हात उरतात. त्यांत हायड्रोजन धरता येतात किंवा पुढचा कार्बन. सगळीकडे असा एकेरी हात असेल तर त्या रेणूत जितके हायड्रोजन मावायचे तितके मावलेले असतात. भरल्या पंगतीत आणखी पान मांडायला जागा नसते, तसं. याला संपृक्त म्हणतात.

पण दोन कार्बननी फुगडीसारखे दोन्ही हात धरले तर? तर प्रत्येकीचे दोनच हात मोकळे राहिले. तेवढे हायड्रोजन कमी झाले. या फुगडीला शास्त्रात दुहेरी बंध म्हणतात, आणि ती ज्या रेणूत असते तो असंपृक्त. जिरॅनिऑलमध्ये दहा कार्बन आहेत. सगळे एकेरी हात धरून उभे असते तर त्यात २२ हायड्रोजन मावले असते. प्रत्यक्षात आहेत १८. चार कमी. एका फुगडीमागे दोन हायड्रोजन कमी होतात, म्हणजे जिरॅनिऑलमध्ये दोन फुगड्या आहेत. एवढा हिशेब आपल्या गटाची खातेवही लिहिणारी कुठलीही बाई बसल्या जागी करेल.

हे आपल्या स्वयंपाकघरातही आहे, फक्त तिथे अल्कोहोल नाही. शेंगदाण्याचं, करडईचं, जवसाचं तेल पातळ असतं, कारण त्यांच्या रेणूंत या फुगड्या भरपूर. कारखान्यात तेलात हायड्रोजन घुसवून फुगड्या सोडवल्या की तेच तेल घट्ट होतं आणि वनस्पती तूप म्हणून डब्यात येतं. पाहायचं असेल तर एका भांड्यात जवसाचं तेल आणि दुसऱ्यात वितळलेलं वनस्पती तूप घ्या, दोन्हींत टिंक्चर आयोडीनचे सारखेच थेंब टाका आणि भांडी गरम पाण्यात ठेवा. तेलातला आयोडीनचा रंग लवकर उडतो, कारण आयोडीन त्या फुगड्यांमध्ये जाऊन बसतं. तुपातला रंग रेंगाळतो. आणि नंतर ते दोन्ही फेकून द्यायचं, फोडणीला घ्यायचं नाही.

दुहेरी हाताचा आणखी एक गुण आहे. एक हात धरून उभी असलेली बाई जागच्या जागी गिरकी घेऊ शकते. दोन्ही हात धरलेली घेऊ शकत नाही, तोंड ज्या बाजूला आहे त्याच बाजूला राहतं. त्यामुळे तेच दहा कार्बन, तेच अठरा हायड्रोजन, तोच ऑक्सिजन, पण एका फुगडीभोवती पुढचामागचा भाग इकडचा तिकडे असला तर पदार्थच वेगळा होतो. जिरॅनिऑलच्या अशा जुळ्या बहिणीचं नाव नेरॉल. तिचाही वास गुलाबाच्या वळणाचा, पण थोडा ताजा, हलका. नाकाला हा फरक कळतो, ही आम्हाला मोठी नवलाची गोष्ट वाटली.

जिरॅनिऑलची एक फुगडी सोडवून तिथे हायड्रोजन बसवले की होतो सिट्रोनेलॉल. तोही गुलाबात असतो. फुगडी आणि शेपटी यांच्या जागा हलवल्या की लिनॅलूल, आणि तो आपल्या धन्यात असतो. धने भाजताना जो गोडसर वास सुटतो त्यातला मोठा वाटा लिनॅलूलचा. इथे एक गंमत सांगू. आपण वऱ्हाडात हिरव्या कोथिंबिरीला सांबार म्हणतो. सांबार आणि धने एकाच झाडाचे, पण वास किती वेगळा! सांबाराचा वास अल्कोहोलचा नाही, तो अल्डिहाइड नावाच्या दुसऱ्या कुळाचा. आणि जिरॅनिऑलच्या शेपटीतले हायड्रोजन काढून घेतले तर तोही अल्डिहाइड होतो. त्याचं नाव सिट्रल, म्हणजे परसातल्या गवती चहाचा वास. तिखाडी आणि गवती चहा या गवतांतल्या सख्ख्या बहिणी आहेत. दोघींच्या तेलात फरक मुख्यतः त्या शेपटीचा.

तिखाडी म्हणजे कोणती, हे आपल्याकडे मेळघाटच्या पायथ्याला, चिखलदऱ्याच्या उतारावर, नरनाळ्याकडच्या रानात हिंडलेल्या बायांना सांगायला नको. कुणी रोशा म्हणतं, जुन्या पुस्तकात रोहिष म्हणतात. तुरा चुरगळून नाकाशी धरला की गुलाबासारखा वास येतो. म्हातारी माणसं गुडघ्याला तिखाडीचं तेल चोळतात. याच गवताच्या दोन जाती आहेत, मोतिया आणि सोफिया. दिसायला इतक्या सारख्या की भलेभले फसतात, पण तेल काढलं की कळतं. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल साधारण पाऊण हिश्शापासून नऊ दशांशापर्यंत असतो. सोफियात तो कमी आणि दुसरेच पदार्थ जास्त, म्हणून तिचा वास उग्र, आल्याकडे झुकणारा येतो, भावही कमी मिळतो. लागवड करायची तर रोपं मोतियाचीच आहेत ना, हे पहिल्या दिवशी विचारायचं. नंतर विचारून काही होत नाही.

या तेलाचा इतिहास आपल्याला कुणी शाळेत सांगितला नाही. इंग्रजांच्या काळात वऱ्हाडात, शेजारच्या निमाडात, बैतूलकडे आणि खानदेशात पावसाळा सरला की रानात ओढ्याकाठी भट्ट्या लागत. ते तेल मुंबईला जाई, तिथून जहाजानं तांबड्या समुद्राकडच्या बंदरांत आणि पुढे इस्तंबूलला. युरोपच्या बाजारात त्याला तुर्की जिरॅनियम तेल म्हणत. त्यात जिरॅनियमचं फूल नव्हतं आणि ते तुर्कस्तानातलंही नव्हतं. आणि तिथे त्याचं काय होई? गुलाबाच्या महागड्या तेलात भेसळ. बल्गेरियात तर पाकळ्या भट्टीत घालण्याआधीच त्यांच्यावर हे तेल शिंपडत. भेसळ पकडणं अवघड, कारण गुलाबाच्या तेलातही जिरॅनिऑल असतोच. कष्ट आपल्या रानातल्या माणसांचे आणि नाव गुलाबाचं, असा तो व्यवहार.

१८७१ साली ऑस्कर याकोबसन नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं हिंदुस्थानातून गेलेल्या या गवताच्या तेलातून मुख्य पदार्थ पहिल्यांदा शुद्ध वेगळा केला. तेलाचं बाजारातलं नाव जिरॅनियमचं, म्हणून पदार्थाचं नाव जिरॅनिऑल पडलं. त्या रेणूत कोणता कार्बन कुठे आहे आणि फुगड्या कुठे आहेत, हे पक्कं ठरायला पुढे जवळजवळ पन्नास वर्षं गेली. आज साबण, पावडर, अगरबत्ती बनवणारा कारखाना जगात कुठेही असो, त्याला हे नाव माहीत असतं. आपल्याला मात्र ते तपासणीच्या कागदावर पहिल्यांदा भेटलं.

आता पैशाचं बोलू. ‘एकूण अल्कोहोल’ म्हणजे तेलात जिरॅनिऑल आणि त्याच्या भावंडांचा वाटा किती. वाटा जास्त तर भाव जास्त. तो वाटा तीन ठिकाणी ठरतो: शेतात, भट्टीत आणि साठवणीत. पहिल्या दोन ठिकाणी आपल्या बाया हुशार आहेत. तिसऱ्या ठिकाणी नुकसान होतं, म्हणून त्यावर जास्त वेळ घेऊ.

शेतात मुख्य गोष्ट म्हणजे कापणीची वेळ. कोवळ्या तुऱ्यात जिरॅनिऑलचा बराच भाग ॲसिटिक आम्लाशी, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाशी जोडलेला असतो. तुरा पिकत जातो तसा तो सुटा होतो. म्हणून तुरे पूर्ण फुलून बी धरायला लागलं की कापायचं, फार आधी नाही आणि बी झडेपर्यंत थांबायचंही नाही. तेल तुऱ्यात आणि पानांत असतं, काडीत जवळजवळ नाहीच. जमिनीपासून वीतभर सोडून कापलं तर भट्टीत फुकट काड्या भरल्या जात नाहीत आणि बुडखा पुन्हा फुटतो. रोपं पावसाच्या तोंडावर लावली तर तीन-चार महिन्यांत पहिली कापणी येते, आणि एकदा लावलेलं गवत चार-पाच वर्षं चालतं. हलकी, मुरमाड, निचऱ्याची जमीन याला मानवते. जनावरं शक्यतो तोंड लावत नाहीत, त्यामुळे रोही आणि रानडुकरांना कंटाळलेल्या बायांना हे पीक बरं वाटतं. खारपाणपट्ट्यातल्या मैत्रिणी नेहमी विचारतात, आमच्याकडे येईल का? हे गवत क्षार बऱ्यापैकी सोसतं, पण तुंबलेलं पाणी सोसत नाही. पूर्णाकाठच्या भारी काळ्या जमिनीत आधी पाच-दहा गुंठ्यांवर करून पाहा, एकदम एकर घालू नका. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात औषधी आणि सुगंधी वनस्पतींवर काम चालतं. तिथे जाऊन माती दाखवा, गवत डोळ्यांनी पाहा, मग ठरवा. रानातलं गवत कापायचं असेल तर गोष्ट वेगळी. व्याघ्र प्रकल्पात परवानगीशिवाय पातंही तोडता येत नाही. ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत त्यांनी हा विषय ग्रामसभेत घ्यावा.

भट्टीचं थोडक्यात. जिरॅनिऑल उकळायला २३० अंशांच्या आसपास उष्णता लागते, पाण्याला शंभर पुरतात. मग पाण्याच्या वाफेवर तेल कसं निघतं? तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे दोघं आपापली वाफ आपापल्या जोरानं सोडतात. दोघांचा जोर मिळून शंभरच्या थोडं खालीच उकळी फुटते आणि वाफेसोबत तेल निघून येतं. थंड नळीतून पुढे गेलं की पाणी खाली, तेल वर. मोहाची भट्टी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे यंत्र ओळखीचं वाटेल, तत्त्वही बरंचसं तेच. वाफेचा रस्ता कधीही तुंबू द्यायचा नाही आणि पदर खोचून घ्यायचा, हे वेगळं सांगायला नको. शंभर किलो ओल्या गवतातून साधारण अर्धा किलो तेल मिळतं. म्हणजे पाचशे किलोच्या भरणीला दोन-तीन किलो. हा हिशेब कर्ज काढण्याआधी करायचा. आमचं मत स्पष्ट आहे: एका गटानं एकट्यानं भट्टी घेऊ नये. चार-पाच गावांच्या गटांनी मिळून घ्यावी, नाहीतर वर्षातले दहा महिने ती अंगणात गंजत बसते.

तेलाखाली उरलेलं पाणी फेकू नका. जिरॅनिऑलची ती अल्कोहोलची शेपटी पाण्याकडे ओढ घेते, म्हणून थोडासा जिरॅनिऑल त्या पाण्यात विरघळलेला राहतो. तेच पाणी पुढच्या भरणीला भट्टीत वापरलं की तो वाया जात नाही.

आता साठवण. मघाशी म्हटलं की फुगडीच्या जागी आयोडीन जाऊन बसतं. हवेतला ऑक्सिजनही तिथेच नजर लावून असतो. फुगडीच्या शेजारचा कार्बन त्याला सगळ्यात आधी सापडतो. शेंगदाण्याचं तेल खवट होतं ते यामुळे. जवसाचं तेल लाकडाला लावलं की काही दिवसांत सुकून पापुद्रा धरतं, तेही यामुळेच, कारण त्यात फुगड्या फार. आणि तिखाडीचं तेल उघडं राहिलं की त्याचा गुलाब जाऊन जुनाट, आंबूस वास येतो, तोही याचाच परिणाम. सुगंध देणाऱ्या त्या दोन फुगड्याच तेल बिघडवायलाही वाट करून देतात. ऊन आणि उष्णता मिळाली की ही गडबड वाढते, आणि आपल्याकडे वैशाखात पारा ४५ च्या पुढे जातो.

एका गटाचं काय झालं ते सांगतो. दिवाळीनंतर चांगलं तेल निघालं, निम्मं विकलं. उरलेलं त्याच मोठ्या डब्यात, टिनाच्या खोलीत, भाव वाढेल म्हणून जेठापर्यंत ठेवलं. डबा निम्मा तेलानं आणि निम्मा हवेनं भरलेला. दर आठवड्याला कुणीतरी झाकण उघडून वास घेऊन पाहायचं, दर वेळी नवी हवा आत. व्यापारी आला, त्यानं पट्टी बुडवून हुंगली आणि निम्म्याहून कमी भाव सांगितला. बायांना वाटलं, हा लुटतोय. त्यांनी तेल पुन्हा तपासायला पाठवलं तेव्हा अल्कोहोलचा आकडा खरंच उतरला होता. चौदा बायांच्या घामाचे पैसे त्या डब्यातल्या मोकळ्या जागेनं खाल्ले.

म्हणून तेल निघालं की आधी त्यातलं पाणी पूर्ण निथळू द्या. मग ॲल्युमिनियमच्या डब्यात किंवा गडद काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरा. विकून कमी झालं की उरलेलं लहान बाटलीत ओता, म्हणजे वर हवा राहत नाही. साधं प्लास्टिक नको, हे तेल त्याला लागतं आणि प्लास्टिकचा वास तेलात उतरतो. गंजका लोखंडी डबाही नको, रंग बिघडतो. डबा घरातल्या सगळ्यात थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात, मातीच्या घरात असेल तर उत्तम. डब्यावर कापणीची आणि भरणीची तारीख लिहा. वास दाखवायला वेगळी लहान कुपी ठेवा, मोठं झाकण उघडू नका.

विकत घेताना किंवा दुसऱ्या गटाचं तेल आपल्यात मिसळताना भेसळीची शंका आली तर एक घरगुती परीक्षा आहे. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका आणि एक-दोन दिवस ठेवा. शुद्ध सुगंधी तेल उडून जातं, डाग राहत नाही. खाण्याचं तेल मिसळलं असेल तर तेलकट डाग तसाच राहतो. रॉकेल मात्र या परीक्षेत सापडत नाही, तेही उडतं. त्यासाठी प्रयोगशाळेत सत्तर टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये तेल टाकून पाहतात. जिरॅनिऑलला शेपटी आहे, म्हणून तो आपल्या कुळात चटकन विरघळतो आणि द्राव स्वच्छ राहतो. रॉकेलला शेपटी नाही, द्राव गढूळ होतो. हल्ली यंत्रावर सगळे घटक वेगवेगळे मोजतात. ती तपासणी प्रत्येक डब्याची परवडत नाही, पण हंगामातून एकदा करून घ्या आणि कागद जपून ठेवा. हातात कागद असला की व्यापाऱ्याशी बोलण्याचा सूर बदलतो.

याच कुळातला एक असंपृक्त अल्कोहोल तुमच्या अंगणवाडीच्या कपाटात आहे. जीवनसत्त्व अ. त्याचं शास्त्रीय नाव रेटिनॉल, शेवटी ‘ऑल’ आलंच. वीस कार्बन आणि फुगड्या पाच. औषधात तो एका तेलाम्लाला जोडलेला असतो, शरीरात सुटा होतो. बाळाला नऊ महिन्यांचं झाल्यावर पहिला डोस, मग दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांचं होईपर्यंत, असे नऊ डोस. रातांधळेपण टळावं, डोळे शाबूत राहावेत म्हणून. ती बाटली गडद रंगाची का असते आणि उन्हात का ठेवायची नाही, हे आता सांगायला नको. पाच फुगड्या म्हणजे ऑक्सिजनला आणि उजेडाला पाच दारं. गाजर, पिकलेली पपई, शेवग्याचा पाला यांतल्या कॅरोटीनपासून आपलं शरीर हेच जीवनसत्त्व बनवतं, आणि कॅरोटीनमध्ये तर फुगड्यांची रांगच असते. आपले काही गट शेवग्याच्या पाल्याची भुकटी करून विकतात. पाला पत्र्यावर कडक उन्हात वाळवला तर लवकर वाळतो, पण ज्याच्यासाठी गिऱ्हाईक ती भुकटी घेतं त्यातलं बरंच उन्हातच संपतं. सावलीत, पातळ पसरून, वाऱ्यावर वाळवा. दोन दिवस जास्त लागतील. आणि पाल्याची भाजी करताना तेलाची फोडणी द्याच, कॅरोटीन तेलाशिवाय अंगी नीट लागत नाही.

साबण करणाऱ्या गटांसाठी एक गोष्ट राहिली. बाजारातल्या साबणाच्या वेष्टनावर बारीक अक्षरात लिनॅलूल, जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल अशी नावं असतात. काहींच्या कातडीला हे पदार्थ सोसत नाहीत, खाज येते, चट्टे उठतात. युरोपात २००३ सालच्या नियमानं अशा २६ सुगंधी पदार्थांची नावं वेष्टनावर छापणं बंधनकारक झालं. हवेनं बिघडलेलं तेल ताज्यापेक्षा जास्त त्रास देतं. त्यामुळे जुनाट वास आलेलं तेल साबणात खपवू नका. ताजं तेलही कातडीला नुसतं लावायचं नाही, तिळाच्या किंवा खोबरेल तेलात थोडे थेंब मिसळूनच, आणि आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर पाहायचं. लहान मुलांच्या हाताला बाटली लागू द्यायची नाही. पोटात तर मुळीच घ्यायचं नाही, अल्कोहोल लिहिलेलं वाचून घरातल्या कुणाला वेगळी आशा वाटली तरीही.